मोडीत निघालेली विमाने आणि ती उभी करणारे हात



देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला सैन्याची यंत्रे नवी नाहीत. सरावाच्या दिवशी तोफांच्या आवाजाने खिडक्यांची तावदाने थरथरली तरी आपल्या घरातले तान्हे मूल झोपेतून उठत नाही. तोफखान्याची शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकूलहून येथे आली. तोफखान्याचे अधिकारी ज्या लहानशा ऑस्टर विमानांतून वर जाऊन मारा नेमका कोठे पडतो ते पाहत, त्या विमानांशीही या गावाचा संबंध त्याच युद्धापासूनचा. आजही गांधीनगरच्या विमानतळावरून उठलेली सैन्याची हेलिकॉप्टरे आपल्या डोक्यावरून जातात. एखाद्या चौथऱ्यावर जुनी तोफ किंवा जुने विमान ठेवलेले दिसले की आपण थांबतो आणि पाटी वाचतो. पाटीवर यंत्राचे नाव असते, देशाचे नाव असते, कोणत्या लढाईत ते वापरले गेले हेही असते. ते इतकी वर्षे चालू कोणी ठेवले, एवढे मात्र त्या पाटीवर नसते.

आज आम्हांला याच एका गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. विषयाचे नाव जुन्या लष्करी विमानांचा जीर्णोद्धार असे आहे. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी वापरतो. घाट बांधला, देऊळ सावरले, तर बांधविणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते आणि पाथरवटाचे राहत नाही. विमानांच्या बाबतीतही तेच घडले आहे. कसे घडले, हे कळण्यासाठी आपल्याला देवळालीहून कानपूरपर्यंत जावे लागेल.

१९४५ साली युद्ध संपले तेव्हा देवळाली हे घरी परतणाऱ्या इंग्रज शिपायांचे मोठे मुक्कामाचे ठाणे होते. बोटीची वाट पाहत शिपाई येथे आठवडेच्या आठवडे काढीत. त्या कंटाळवाण्या मुक्कामावरून इंग्रजी भाषेत डोके फिरण्याला आपल्या गावाचेच नाव पडले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. शिपाई बोटीत बसून गेले. परंतु त्यांच्यामागे राहिलेल्या यंत्रसामग्रीचे काय झाले? ट्रक, तंबू, भांडीकुंडी लिलावात निघाली. विमानांचा प्रश्न मात्र वेगळा होता.

इंग्लंडने वापरलेली पुष्कळशी विमाने अमेरिकेने १९४१ च्या उसनवारीच्या कायद्याखाली दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करावी, विकत घ्यावी, अथवा निकामी करावी असा व्यवहार होता. परत नेण्याचा खर्च कोणालाच नको होता आणि विकत घेण्याइतका पैसा इंग्लंडपाशी उरला नव्हता. म्हणून कानपूरजवळच्या चकेरी येथे लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने ओळीने उभी करून मोडीत काढण्यात आली.

हे लिबरेटर म्हणजे काय चीज होती, ते थोडे सांगितले पाहिजे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी ११० फूट. इंजिने चार, प्रत्येकात १४ सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानात ५६ सिलिंडर आणि ११२ प्लग. अमेरिकेने अशी १८,००० हून अधिक विमाने बांधली. १९४४ साली फोर्ड कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यातून तासाला एक याप्रमाणे ती बाहेर पडत होती. एवढ्या वेगाने जे घडले, ते तेवढ्याच वेगाने मोडावयाचे होते. त्या काळच्या आठवणींत असे सांगतात की काही विमानांवर ट्रक घातले, काही क्रेनने उचलून आपटली, इंजिनांत वाळू ओतली आणि आतली उपकरणे कुऱ्हाडीने फोडली. काम कंटाळवाणे होते आणि करणाऱ्यांचे मन घराकडे लागलेले होते. त्यामुळे सगळी विमाने सारखीच मोडली गेली नाहीत, आणि पुढचा इतिहास या विषमतेतूनच निघाला. एकाचा पंख गेला होता तर शेपूट शाबूत होती, दुसऱ्याची चाके गेली होती तर पंख धड होते.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरची लढाई सुरू झाली. फाळणीत विमानदलाचीही वाटणी झाली होती आणि आपल्यापाशी एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते. प्रवासी आणि माल वाहणाऱ्या डाकोटा विमानांच्या दारातून हातांनी बॉम्ब ढकलून द्यावे लागले, इतकी ओढाताण होती. नवी विमाने घेण्यास परकीय चलन हवे, आणि देणाऱ्या देशाची मर्जीही हवी. तेव्हा चकेरीच्या मोडीकडे लक्ष गेले. परदेशी जाणकारांचे मत प्रतिकूल होते. तरीही १९४८ साली हे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आले.

हा कारखाना सोलापूरच्या मातीतून वर आलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने १९४० च्या डिसेंबरात काढला. १९४१ साली तेथे जुळविलेले हार्लो जातीचे पहिले विमान उडाले. १९४२ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ साली तो अमेरिकन विमानदलाच्या दुरुस्तीसाठी दिला गेला. आता येथे श्रोत्यांनी थोडे थांबून विचार करावा. ज्याने कारखाना काढला त्याचे स्वप्न नवी विमाने बांधण्याचे होते. युद्धाने त्याच्या कारखान्याचे रूपांतर दुरुस्तीशाळेत केले. मालकाच्या दृष्टीने ही पीछेहाटच म्हणावी लागेल. परंतु कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर त्या दोन-तीन वर्षांत बंगळूरच्या फिटरांनी, पत्रेकाम करणाऱ्यांनी आणि इंजिनवाल्यांनी शेकडो अमेरिकन यंत्रे उघडली, धुतली, तपासली आणि पुन्हा जोडली. नवे यंत्र जोडणाराला ते कसे बसते एवढे कळते. मोडलेले यंत्र उघडणाराला ते का मोडते हेही कळते. युद्धानंतर याच कारखान्यात डाकोटा विमानांची कामे झाली, आणि डाकोटाचे इंजिन व लिबरेटरचे इंजिन हे एकाच प्रॅट अँड व्हिटनी घराण्यातले. तेव्हा १९४८ सालचा जो चमत्कार सांगितला जातो, तो चमत्कार नव्हता. त्याच्यामागे पाच वर्षांची तालीम होती. ती तालीम कोणत्याही सरकारी कागदावर संपत्ती म्हणून नोंदलेली नव्हती, एवढेच.

काम दोन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा चकेरीच्या मैदानावर होता. विमान कायमचे दुरुस्त करावयाचे नाही, केवळ एक खेप उडून बंगळूरला पोचेल इतपत उभे करावयाचे. दुसरा टप्पा बंगळूरच्या कारखान्यात, जेथे ते संपूर्ण उघडून नव्याने घडविण्यात येई. चकेरीच्या तुकडीचे प्रमुख म्हणून यल्लप्पा हे नाव सांगितले जाते. कानपूर ते बंगळूर हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर ही विमाने उडवीत नेली ती कारखान्याचे कसोटी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. अशी सुमारे ४० विमाने एकामागून एक गेली. जे विमान कालपर्यंत मोडीत होते, ज्याचा एक अवयव याचा आणि एक त्याचा, त्यात बसून विंध्य आणि सातपुडा ओलांडावयाचा, याला किती धैर्य लागले असेल! मुन्शींचे नाव विमानविद्येच्या इतिहासात राहिले, आणि ते राहिलेच पाहिजे.

परंतु मुन्शी ज्या भरवशावर चढले तो भरवसा कशाचा होता? अशा कामाची रीत आम्ही जाणकारांकडून समजून घेतली आहे, ती थोडक्यात सांगतो. प्रथम विमान जॅकवर घेतात. पत्र्याला पोचा असेल तर तो ठोकून चालत नाही. त्याखालची बरगडी वाकली आहे की काय ते पाहावे लागते. वाकली असेल तर जुने रिव्हेट एकेक करून ड्रिलने काढावयाचे, पत्रा सोडवावयाचा, बरगडी बदलावयाची आणि नवे रिव्हेट मारावयाचे. रिव्हेट मारण्यास दोन माणसे लागतात. एक बाहेरून हातोडी चालवितो, दुसरा आत अंग चोरून बसतो आणि लोखंडाचा ठोकळा मागून दाबून धरतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, हातालाच हाताची खूण कळावी लागते. रबराच्या नळ्या उन्हाने तडकलेल्या असतात, त्या बदलावयाच्या. सुकाणूच्या तारा सबंध लांबीभर चिंधीने पुसून पाहावयाच्या, कारण तुटलेला एखादा तंतू डोळ्याला दिसत नाही, पण चिंधीला अडकतो. इंजिनात वाळू गेली असेल तर तेलाच्या वाटा एकेक करून मोकळ्या कराव्या लागतात. एक कण राहिला तरी बेअरिंग खाऊन टाकतो. मग इंजिन जमिनीवर फिरवून ऐकतात, नंतर धावपट्टीवर पळवून पाहतात, आणि मगच वैमानिक वर जातो. त्याच्या धैर्याखाली अशी ही पुसलेली तार असते.

१९४८ च्या नोव्हेंबरात या विमानांवर भारतीय विमानदलाचे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. १९५१ साली पुण्याच्या लोहगाव तळावर सहावे स्क्वाड्रन याच विमानांवर पुन्हा उभे झाले आणि पश्चिम किनाऱ्यापलीकडे दूरवर समुद्राची टेहळणी करू लागले. १९६८ अखेर लिबरेटर निवृत्त झाले. याचा अर्थ, परदेशी जाणकारांनी ज्यावर काट मारली होती, त्या मोडीने या देशाची वीस वर्षे चाकरी केली.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. ज्या देशांनी ही विमाने हजारोंनी बांधली व वापरली, त्यांच्यापाशी संग्रहालयात ठेवण्यास धड अशी लिबरेटरे थोडीच उरली होती. मग ते आपल्याकडे आले. कॅनडाने १९६८ साली एक नेले. १९६९ साली एक अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानच्या पिमा संग्रहालयासाठी गेले. १९७४ साली एक इंग्लंडच्या विमानदलाच्या संग्रहालयासाठी येथून उडत गेले. आणखी एक भारतात पडून होते. ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचले आणि अनेक वर्षांच्या कामानंतर १९८९ साली पुन्हा आकाशात उडाले. दिल्लीला पालमच्या संग्रहालयातही एक आहे. ज्यांनी ती मोडली त्यांच्याच घरी आज ती मानाने उभी आहेत, आणि ती जगली ती कानपूर-बंगळूरच्या हातांमुळे.

आता येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या चळवळीतले सहकारीच आम्हांला घेतात. ते म्हणतात, ही सारी माणसे मारण्याची यंत्रे. गरीब देशाने यांच्या आरत्या कशाला ओवाळाव्या? आक्षेप खोटा नाही. लिबरेटरने युरोपात आणि ब्रह्मदेशात शहरे जाळली आहेत, आणि ते विसरून जो केवळ पंखांची लकाकी पाहतो त्याच्याशी आमचे जमणार नाही. परंतु यंत्र जतन करणे म्हणजे युद्धाची पूजा करणे नव्हे. किल्ला जपतो म्हणून कोणी कडेलोटाची शिक्षा परत आणीत नाही. आम्हांला त्या यंत्रात बॉम्बपेक्षा रिव्हेट अधिक दिसतात. बॉम्ब कोणाच्या हुकुमाने पडले ते इतिहासकार लिहितीलच. रिव्हेट कोणी मारले ते लिहिणारा कोणी नाही.

दुसरा आक्षेप आमचा स्वतःचाच होता. परदेशांत जुनी विमाने उभी करण्याचे काम पगारी इंजिनियरांबरोबर स्वयंसेवक करतात. कॅनडात हॅमिल्टन येथे लँकेस्टर जातीचे एक बॉम्बफेकी विमान स्वयंसेवकांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीने १९८८ साली पुन्हा उडाले. 'स्वयंसेवक' हा शब्द ऐकला की आमच्यासारखा संघटनेचा माणूस सावध होतो. फुकटात काम करून घेण्याची ही नवी युक्ती तर नव्हे? उमेदवार म्हणून वर्षानुवर्षे राबविलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. परंतु चौकशी केल्यावर आमचे मत बदलले. तेथे सुटीच्या दिवशी निवृत्त मेकॅनिक येतो, शिक्षक येतो, विद्यार्थी येतो. गंज घासणे, पत्रा धुणे, सुटे भाग मांडून ठेवणे ही कामे ते करतात. विमान उडण्यास योग्य आहे अशी जबाबदारीची सही मात्र परवाना असलेल्या जाणत्याचीच लागते. कोणाची भाकर काढून घेतली जात नाही. उलट निवृत्त कारागिराच्या शेजारी पोर बसते आणि हात हाताला शिकवितो. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात. श्रमदान आणि बिगार यांतला फरक एवढाच की, श्रमदानात माणूस स्वतःच्या इच्छेने येतो आणि त्याचे नाव वहीत लिहिले जाते.

आपल्या विमानदलानेही अलीकडे जुनी विमाने उडती ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. १९४७ साली श्रीनगरला शिपाई उतरविणाऱ्या डाकोटांची आठवण म्हणून एक डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विमानदलाला भेट दिले. २०१८ साली ते 'परशुराम' या नावाने दाखल झाले. त्याचा जीर्णोद्धार इंग्लंडमध्ये झाला. विमान तिकडेच घेतलेले होते आणि तसल्या कामाची कार्यशाळाही तिकडेच होती, तेव्हा यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. तरीही मनात प्रश्न येतो. १९४८ साली जे काम आपल्या फिटरांनी चकेरीच्या उघड्या मैदानावर केले, त्याच घराण्यातल्या इंजिनासाठी सत्तर वर्षांनी परदेशी जावे का लागावे? आमचे उत्तर असे की कसब हे लोखंडासारखे गोदामात ठेवता येत नाही. ज्या दिवशी ते वापरले जात नाही त्या दिवसापासून ते गंजू लागते, आणि कारागीर गेला की ते त्याच्याबरोबर जाते.

हे आपल्या नाशिकला आज फार जवळचे झाले आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ च्या सुमारास, ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि विद्युत् उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या या जिल्ह्यातली शेतकऱ्यांची पोरे आयटीआय करून तेथे लागली आणि आवाजाहून दुप्पट वेगाने जाणारे विमान जोडू लागली. पुढे मिग-२१ चे बायसन हे सुधारलेले रूपही ओझरलाच तयार झाले. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले. त्यानंतर तीन आठवड्यांतच ओझरहून तेजस मार्क-१ए उडाले. नवे आले याचा आनंद आहेच. परंतु जुन्याबरोबर काय गेले?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ लॅम रोडला राहतात. विमानाच्या पत्रेकामात त्यांचा जन्म गेला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी ट्रंकेतून दोन वह्या काढल्या. कोणत्या सांध्याला हमखास तडा जातो, कोणता बोल्ट नकाशाप्रमाणे बसवला तर अडतो आणि किंचित कलता धरून घातला तर सरळ जातो, असे सारे पेन्सिलीने लिहिलेले होते. आम्ही विचारले, "दादा, हे साहेबांना दाखवले होते का?" ते हसले आणि म्हणाले, "नकाशात नाही ते दाखवून काय करता? पोरांना दाखवलं. पोरं शिकली."

विमानकामाची एक रीत येथे सांगितली पाहिजे. काम झाले की तपासणीस कागदावर आपला शिक्का मारतो. प्रत्येकाच्या शिक्क्याला क्रमांक असतो. पुढे काही घडले तर कोणी तपासले ते त्यावरून कळते. म्हणजे कामगाराची खूण इतिहासात अजिबात नसते असे नाही. ती कागदात असते, नावाने नव्हे तर क्रमांकाने. आणि विमान मोडीत निघाले की कागदही निघतात. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे घेत नाही, असे जुने कागद भट्टीत जाताना आम्ही स्वतः पाहिले आहेत. आम्ही त्या वेळी बोनसच्या वाटाघाटीला गेलो होतो. पोते जळताना पाहिले आणि वर जाऊन टक्केवारीवर भांडलो. आज वाटते, त्या दिवशी दोन्हींसाठी भांडावयास हवे होते. आम्ही संघटनावाल्यांनी पगाराच्या मागण्या केल्या, त्या योग्यच होत्या. पण कामगाराचे ज्ञान ही त्याची मिळकत आहे, तिची नोंद झाली पाहिजे, ही मागणी आमच्या कोणत्याही मागणीपत्रात आम्ही कधी घातली नाही. हा आमचा दोष आहे आणि तो आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती मोठी नाही. आता ठिकठिकाणी चौकांत मिग विमाने चौथऱ्यावर चढतील. आतून इंजिन काढलेले, वरून रंगवलेले. ती जरूर पाहावीत, मुलांना दाखवावीत. परंतु या सभेत असे कुटुंब विरळाच असेल की ज्यातला एखादा काका, मामा, आजोबा ओझरला, तोफखान्याच्या कार्यशाळेत किंवा रेल्वेत कामाला नव्हता. दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणते काम केले, कसे केले, शेजारी कोण होते, ते लिहून घ्यावे. त्यांची हत्यारे भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा नाव घालून ठेवावीत. ज्या शाळांत कार्यशाळा आहेत त्यांनी वर्षातून एकदा अशा एका निवृत्त कारागिराला खुर्ची द्यावी. आणि ज्यांच्या हाती चौथरे बांधण्याचे काम आहे त्यांनी विमानाच्या पाटीखाली आणखी एक पाटी लावावी. तीवर ते विमान जोडणाऱ्या विभागाचे नाव असावे, आणि मिळतील तितक्या माणसांची नावे असावीत.

चकेरीच्या त्या सुमारे ४० विमानांतली काही आज तीन खंडांत उभी आहेत आणि त्या प्रत्येकाचा क्रमांक लिहिलेला आहे. ज्या माणसांनी आत अंग चोरून बसून ठोकळा धरला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हांला आज येथे उच्चारता येत नाही. ओझरच्या माणसांच्या बाबतीत ही वेळ अजून आलेली नाही. त्यांच्यापैकी कित्येक हयात आहेत, आणि काही आज या मांडवातही बसलेले आहेत. व्याख्यान संपल्यावर त्यांच्याशी बोलावे, इतकेच सांगून आम्ही रजा घेतो.